चारचौघांत सावरताना

बँकेच्या काउंटरवर रांग लागलेली असते. पासबुक पुढे येतं, हात शिक्का मारतो, तोंडातून रोजचं वाक्य निघतं आणि एकाएकी तो हात आपला वाटेनासा होतो. आवाज कुणा तिसऱ्याचाच असल्यासारखा कानावर येतो. समोरचा चेहरा ओळखीचा आहे हे कळतं, पण ओळख जाणवत नाही. सगळं नाटकाच्या नेपथ्यासारखं सपाट दिसू लागतं. स्वतःपासून असं तुटल्यासारखं वाटणं म्हणजे डिपर्सनलायझेशन आणि भोवतालचं जग खोटं भासणं म्हणजे डीरिअलायझेशन. रांगेतल्या कुणालाही यातलं काही कळत नाही, कारण शिक्का जागच्या जागी पडलेला असतो.

असा क्षण दुर्मीळ नाही. सलग जागरणं, अपघात, घरातला मृत्यू, घबराटीचा झटका, गांजाचं सेवन अशा कारणांनी तो पुष्कळांच्या आयुष्यात एखाद्या वेळी येऊन जातो. शंभरातल्या साधारण दोघांच्या बाबतीत मात्र तो टिकतो किंवा पुन्हा पुन्हा येतो आणि त्याला विकार म्हणावं लागतं. सुरुवात बहुधा किशोरवयात होते. ताण असह्य झाला की मेंदू भावनांचा जोर दाबून टाकतो आणि त्यासोबत आपलेपणाची जाणीवही बोथट होते, असं एक प्रमुख स्पष्टीकरण आहे. ‘मला वेड लागतंय का?’ ही त्या माणसाची सर्वांत मोठी भीती असते. पण ‘असं वाटतंय, प्रत्यक्षात तसं नाही’ हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वास्तवाचं हे भान शाबूत असणं हीच या अवस्थेची खूण आहे.

या अवस्थेला नाव मिळालं तेही एका रोजनिशीतून. जिनिव्हातले प्राध्यापक आंरी-फ्रेदेरिक आमिएल यांनी हजारो पानांची रोजनिशी लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि तिच्यातला ‘डिपर्सनलायझेशन’ हा शब्द उचलून फ्रेंच अभ्यासक ल्युदोविक द्युगास यांनी 1898 मध्ये या अनुभवाला नाव दिलं. वर्गात शिकवणाऱ्या माणसाने स्वतःपाशी टिपून ठेवलेली जाणीव पुढे अनेकांच्या उपयोगी पडली.

कामाच्या ठिकाणी ही अवस्था झाकून नेणं गैर नाही. आपल्या मनात काय चाललंय ते साऱ्या जगाला सांगायला कुणीही बांधील नाही. चारचौघांत निभावून न्यायचे उपायही साधे आहेत. तळपाय जमिनीवर घट्ट टेकावेत. टेबलाची कड किंवा थंड पाण्याचा पेला धरून त्याचा स्पर्श नीट जाणून घ्यावा. दिसणाऱ्या वस्तूंची मनात नावं घ्यावीत, श्वास सावकाश सोडावा आणि हातातलं काम चालू ठेवावं. ‘गेलं का? अजून आहे का?’ असं दर मिनिटाला तपासत बसू नये. या पहाऱ्याने भीती वाढते आणि भीतीने ती अवस्था लांबते.

झाकणं योग्य असलं तरी कोंडून घेणं घातक आहे. सगळ्यांपासूनच लपवलं की प्रत्येक भेट ही परीक्षा होते आणि त्या ताणातून पुढचा झटका येतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कुणी याला बाहेरची बाधा ठरवतं, तर कुणी ‘हा तर साक्षीभाव!’ म्हणून कौतुक करतं. साक्षीभाव साधनेने येतो आणि मन शांत करतो. ही अवस्था न बोलावता येते आणि पोटच्या पोराला जवळ घेतलं तरी माया का दाटून येत नाही म्हणून आईला रडवते. दोन्हींना एकाच मापाने मोजणं हा त्या आईवर अन्याय आहे.

म्हणून चारचौघांत गप्प राहावं, पण एका तरी विश्वासाच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावंच. अपस्मार आणि अर्धशिशीतही असं होऊ शकतं. शुद्ध हरपणं, हातपायांना झटके येणं किंवा मधला काळ न आठवणं यांपैकी काही घडलं तर तपासणी लांबवू नये. या विकारावर हमखास गुण देणारं एकच औषध नाही, पण समुपदेशनाने आणि सोबतच्या चिंता-नैराश्यावर उपचार केल्याने अनेकांना बरं वाटतं. दवाखान्याची पायरी चढणं जड जात असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’च्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आणि कुणी तुमच्यापाशी येऊन ‘मी मीच नाही असं वाटतं’ म्हणालं, तर त्याला अंगारा लावू नका आणि अध्यात्मही ऐकवू नका. ‘कधीपासून होतंय?’ एवढं विचारा, त्याचं ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे त्याच्यासोबत जा.