पाव्हण्याचं पाणी

आमच्या माणदेशात घरी पाव्हणा आला की आधी पाय धुवायला तांब्या पुढं करायचा. साल दुष्काळी असलं तरी तांब्या भरूनच द्यायचा, अर्धा नाही. पण येणारा शहाणा असेल तर पायावर दोन पसे पाणी घ्यायचा आणि उरलेला तांब्या तसाच उंबऱ्याशी ठेवायचा. घरातला रांजण कितपत भरलेला आहे, हे त्यानं आत येतायेता तिरक्या नजरेनं बघून घेतलेलं असायचं. तसं विचारणं वाईट दिसतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं. बघायचे मात्र सगळेच.

आता माणूस पैसे मोजून दुसऱ्याच्या गावी राहतो. अशा वेळी तो पाव्हणा असतो की गिऱ्हाईक? गिऱ्हाइकानं रांजणात डोकावायचं कारण नाही. त्यानं पैसे दिले, माल घेतला, व्यवहार संपला. हा प्रश्न मी काही बसून काढलेला नाही. आमच्या थोरल्यानं तो फोनवर पाठवला.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून थोरल्यानं आम्हा दोघांना अंदमानला पाठवायचं ठरवलं. तो पुण्यात नोकरीला. पोर्ट ब्लेअरची सेल्युलर जेल बघायची माझी इच्छा जुनी. मराठी माणूस अंदमानला जातो तो पहिल्यांदा सावरकरांच्या कोठडीसाठीच. ती बघून झाली की बोटीनं पुढच्या एखाद्या बेटावर चार दिवस निवांत काढायचे, असा बेत होता. बेट निवडलं नील. त्याचं आताचं नाव शहीद द्वीप. जुनं नाव १८५७चं बंड मोडणाऱ्या इंग्रज सेनापतीचं होतं, ते २०१८ साली बदललं. बेटावरच्या वस्त्यांची नावं मात्र आधीपासूनच रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर अशी. पूर्व बंगालातून उठून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथं जमिनी दिल्या, त्यांनी ही नावं ठेवली. आपलं गाव सुटलेल्या माणसानं नव्या गावाला रामायणातली नावं द्यावीत, यात मला पुष्कळ काही दिसलं. असो. या लोकांनी तिथं भाजीपाला पिकवला आणि अंदमानात नील हे भाजीपाल्याचं बेट म्हणून ओळखलं जाऊ लागलं. शेतकऱ्याचं बेट म्हणून मी ते धरून बसलो, नाहीतर थोरल्याच्या मनात हॅवलॉक होतं.

राहायचं कुठं, याची यादी त्यानं पाठवली. सहा-सात हॉटेलं, फोटो, दर आणि लोकांनी दिलेले तारे. एका ठिकाणी खोलीच्या दारातून समुद्र दिसत होता, आणि समुद्राच्या अलीकडं निळ्या फरशांचा पोहायचा तलाव. समुद्राला लागून तलाव कशाला बांधला, हे मला कळेना. थोरला म्हणाला, "आबा, सगळ्यांनाच समुद्रात जायला जमत नाही. लाटा असतात, खाली टोकदार प्रवाळ असतं. अन् खारं पाणी अंगाला चिकटतं." दुसऱ्या टोकाला एक साधी जागा होती. वाडीत बांधलेल्या चार खोल्या, मालकाचं घर मागंच. तिला तारे कमी. का कमी, ते वाचलं. एकानं लिहिलं होतं, दुपारी नळाला पाणी नसतं. दुसऱ्यानं लिहिलं होतं, शॉवर चालत नाही, बादली देतात. आमच्या अख्ख्या तालुक्याला कुणी तारे द्यायला बसला असता तर आमचं काही खरं नव्हतं!

माझ्या डोक्यात तो तलाव बसला. वीस फूट रुंद, चाळीस फूट लांब आणि चार फूट खोल धरला तर त्यात नव्वद हजार लिटर पाणी मावतं. आमच्याकडं टंचाईत दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्या हिशेबानं नऊ टँकर. टँकरचं सरकारी माप माणशी दिवसाला वीस लिटर. म्हणजे साडेचार हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. मास्तरकीत जन्म गेला, हिशेब केल्याशिवाय झोप येत नाही.

भूजल सर्वेक्षणात नोकरी केलेले एक स्नेही आमच्याकडं येत असतात. त्यांना विचारलं, अंदमानात तर वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडं पाचशे पडला तर आपण सुकाळ म्हणतो, मग त्या लोकांना पाण्याची अडचण कसली? ते म्हणाले, पडतो म्हणजे राहतो असं नाही. लहान बेट, मोठी नदी नाही, बरंचसं पाणी समुद्राला जातं. जे मुरतं ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. पण वरून उपसा करून ती पातळी एक फूट खाली आणली, की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर चढतं. मग विहीर मचूळ होते, आणि पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात.

हे मला लगेच पटलं, कारण मी झिरे बघितलेले आहेत. माणगंगा कोरडी पडली की बायका नदीच्या वाळूत खड्डा घ्यायच्या. हात-दीड हात उकरलं की तळाशी पाणी पाझरायचं. ते नारळाच्या नरोटीनं हळूहळू भरायचं. घाई करून खरवडलं की झिरा गढूळ होतो आणि कडा ढासळते. मग तासभर थांबायचं, झिऱ्याला उसंत द्यायची. माझी आई पहाटे तीनला नदीत जायची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायच्या आधी ती हंडा भरून आणायची. त्या वर्षीची सुकडी आणि तांबडा मिलो पुष्कळांना आठवतो, पण मला पहाटे नरोटीचा वाळूवर घासल्याचा आवाज जास्त आठवतो.

मी थोरल्याला म्हणालो, तलाव असलेलं हॉटेल नको.

तो आता काही लहान नाही, त्यानं नीट मुद्दे मांडले. तलाव आधीच भरलेला आहे, आबा. तुम्ही गेलात नाही गेलात तरी तो तसाच राहणार. ती खोली दुसरा कुणीतरी घेईल. शिवाय मोठ्या हॉटेलात समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्रही असू शकतं. मग तुमच्या नाही म्हणण्यानं कुणाचा हंडा भरला?

याला सरळ उत्तर देता येत नाही, हे कबूल केलं पाहिजे. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं आयपीएलचे महिनाअखेरनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. तेव्हाही लोक म्हणायचे, मैदानावर मारायचं पाणी वाचलं म्हणून लातूरला एक तांब्या तरी जास्त पोचणार आहे का? नव्हताच पोचणार. पण आपल्या आळीत मयत झालेलं असताना आपण दारात वाजंत्री लावत नाही. वाजंत्री थांबवल्यानं मेलेला माणूस उठत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी थांबवतो. न थांबवणाऱ्याला गाव नावं ठेवतं, आणि माझ्या मते बरोबर ठेवतं. सगळ्या गोष्टी परिणामाच्या तराजूत घालून भागत नाही. काही गोष्टी शेजारी राहायचं म्हणून पाळायच्या असतात.

हे मी जरा ठासून बोललो. स्वयंपाकघरातून ही ऐकत होती. ती म्हणाली, "अवो, पण वाजंत्री कोण लावतंय? त्या बेटावरचीच माणसं पाव्हण्यांना बोलवत्यात ना? त्यांनी सुतक धरलं न्हाई, अन् तुमी हितनं धरून बसणार व्हय?"

मी म्हटलं, बोलावणारा हॉटेलवाला आणि विहीर मचूळ होणारा शेतकरी ही दोन वेगळी माणसं असू शकतात. तिनं ते ऐकलं आणि पीठ मळतामळता पुढचं बोलली. "आन् दुसरं. नदीत झिऱ्यावर तुमी कवा गेला हुता? तुमच्या आई गेल्या, मी गेले. सासूबाईंच्या डोक्याला चुंबळीचं टक्कल पडलं हुतं. चाळीस वर्षं पाणी मी भरलं, अन् पाण्याचं तत्त्व तुमी सांगताय. मला चार दिवस तोटीखाली उभं ऱ्हाऊ वाटलं तर त्यात काय पाप हाय?"

यावर घरात बराच वेळ कुणी बोललं नाही. फोनवर थोरलाही गप्प होता.

तिचं म्हणणं मी नंतरही पुष्कळ दिवस घोळवलं. पाणी जपून वापरा हे सांगणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि हंडा वाहणारी बाई असते. संयमाची गोडी ज्यानं कष्ट उपसले त्यानं सांगितली तर ती तपश्चर्या, दुसऱ्यानं सांगितली तर तो उपदेश. आमच्याकडं पोहायच्या तलावाला नावं ठेवणारे लोक वरच्या अंगाला पाटाच्या पाण्यावर उसाला मोकाट पाणी सोडतात, तेव्हा त्यांना टंचाई आठवत नाही. तेव्हा तलाव हाच एक गुन्हेगार, असं मी म्हणत नाही. पण ज्यानं आयुष्यभर तहान सोसली त्याला एकदा उधळायचा हक्क मिळतो, हेही मला पटत नाही. कारण तो हक्क वसूल होतो कुणाकडून? तहान दिली आमच्या माणगंगेनं, आणि वसुली सीतापूरच्या एखाद्या बाईच्या विहिरीतून. आपल्या सोसण्याची हुंडी भलत्याच गावात वटवायची, याला न्याय म्हणता येईल का? हे मी हिला बोललो नाही. बोलायची गरज पडली नाही, कारण दुसऱ्या दिवशी तिनंच थोरल्याला सांगितलं, "सगळ्यांना फोन लाव, मी बोलते."

हिंदी तिला मालिकांमुळं येतं. प्रत्येकाला तिनं एकच विचारलं, "आपके यहाँ पानी कहाँ से आता है?" तलाववाल्या हॉटेलातली पोरगी म्हणाली, चोवीस तास येतं, मॅडम. हिनं पुन्हा विचारलं, येतं हे कळलं, कुठनं येतं? पोरगीला ते ठाऊक नव्हतं. आणखी दोघांनी तसंच काहीबाही सांगितलं. चार खोल्यांच्या वाडीतला माणूस मात्र सविस्तर बोलायला लागला. आमची विहीर आहे, जानेवारीपर्यंत चांगली असते, तुम्ही फेब्रुवारीत येताय तेव्हा ती खाली गेलेली असेल, मग आम्ही पाणी विकत घेतो, म्हणून शॉवर बंद ठेवतो आणि सकाळी माणशी एक बादली देतो, संध्याकाळी समुद्रावरून आल्यावर अजून एक. चालणार असेल तर या.

"हाच," ही म्हणाली.

थोरल्यानं विचारलं, "आई, तुला तर तोटीखाली उभं राहायचं होतं."

"हुतं. पण ज्याला पाणी कुठनं येतं ते म्हाईत न्हाई त्याच्या घरी राहायला मला भ्या वाटतं." मग थांबून म्हणाली, "दुसरी बादली हाय म्हणला की तो. मी दोन्ही घेणार हाय. आन् तुमच्या आबांची पण एक घेणार हाय."

तिथं तसंच झालं. फेब्रुवारीत सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, घड्याळ आपलंच असल्यामुळं पहिल्या दिवशी आपल्याला लवकर म्हातारपण आल्यासारखं वाटतं. भरतपूरच्या किनाऱ्याला पाणी उथळ आहे, ही नऊवारीचा काष्टा घट्ट करून त्यात तासतासभर बसायची. मी काठावर. संध्याकाळी परत आलं की ती तीन बादल्यांनी न्हायची आणि मी ओल्या पंचानं अंग पुसायचो. मालकाची बायको दारात नारळ खवायला बसलेली असायची. तिला मराठी येत नव्हतं, हिला बंगाली येत नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर ही तिच्या पुढ्यातली नरोटी हातात घेऊन वाळूत खड्डा करून काहीतरी दाखवत होती, आणि ती बाई मान हलवत होती. विहीर अंगणातच होती. तिच्यावर झाकण होतं, आणि झाकणावर तांब्या उपडा घातलेला होता.