राणीच्या बागेतला रविवार

भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालची. गेल्या रविवारी तिथे आम्ही गिरणीच्या साचेखात्यातले चौघे जुने सोबती भेटलो. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि मग कोणी कोकणात गेला, कोणी वॉचमनकीला लागला.

संग्रहालयाशेजारी दगडी हत्ती आहे ना, घारापुरीहून आणलेला, तुकडे जोडून पुन्हा उभा केलेला, त्याच्यापाशी जमायचं ठरलं होतं. तिथून हळूहळू गोरखचिंचेपर्यंत गेलो. बसल्याबरोबर सगळे मोठमोठ्याने बोलू लागले. आजूबाजूची मुलं वळून बघायला लागली. साच्यांच्या खडखडाटात आमची उमेदीची वर्षं गेली, हळू बोलायची सवयच राहिली नाही. बोलता बोलता एकाने चिमटीत नसलेला धागा धरला आणि हवेतच गाठ मारली. तुटलेला ताणा असाच सांधायचा. इतक्या वर्षांनी बोटं विसरली नव्हती. माझे डोळे भरून आले.

आमचा पाचवा गडी गेल्या पावसाळ्यात गेला. त्याच्या वाटणीचा लाडू कोणी खाल्ला नाही. त्याच्या मुलाला द्यायचा म्हणून रुमालात बांधला.