आदर्शाचे अनुसरण आणि आदर्शाचे रक्षण

'आदर्श' या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ आरसा असा आहे. हस्तलिखितांच्या व्यवहारात ज्या पोथीवरून दुसरी पोथी उतरून घ्यावयाची, तिलाही आदर्श प्रत म्हणतात. दोन्ही अर्थ विचारात घेण्याजोगे आहेत. आरशात पाहणाऱ्यास आपले वैगुण्य दिसते. आदर्श प्रतीवरून लिहिणाऱ्याने आपल्या पदरचे एक अक्षरही त्यात घालू नये अशी अपेक्षा असते. आदर्श स्वीकारणे म्हणजे या दोन्ही गोष्टी पत्करणे होय. केवळ प्रशंसा हे अनुसरण नव्हे. आदर्शाने व्यक्ती, संस्कृती आणि समाज घडतो असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु तो कसा घडवितो, आणि त्याचे रक्षण करता करता त्याची व्याप्ती केव्हा संकोच पावते, हे प्रत्यक्ष उदाहरणावाचून कळत नाही. महानुभाव पंथाच्या आरंभीच्या इतिहासात असे उदाहरण आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी आपले निरूपण मराठीत केले. त्या काळी यादवांच्या राज्यात धर्मशास्त्राची भाषा संस्कृत होती. हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा व्रतदानादिकांचा प्रचंड ग्रंथ त्याच भाषेतील. स्वामींच्या सन्निधानी शास्त्रीपंडित होते, तशाच शास्त्राचा गंधही नसलेल्या स्त्रिया होत्या, आणि प्रश्न विचारण्यास कोणासही मज्जाव नव्हता. महदाइसांनी किती आणि कसे प्रश्न विचारले हे लीळाचरित्राच्या वाचकास सांगावयास नको. येथे आदर्श प्रथम आचरणात आला. त्याचे शब्दांत प्रतिपादन मागाहून झाले.

ते झाले आचार्य श्रीनागदेवांच्या काळी. केशिराजबास हे संस्कृतचे पंडित. 'रत्नमालास्तोत्र' ही त्यांची संस्कृत रचना प्रसिद्धच आहे. स्वामींच्या वचनांतील एक प्रकरण संस्कृतात आणावे असा विचार त्यांनी मांडला, तेव्हा आचार्यांनी त्यांना निवारिले. कारण सांगितले ते एवढेच की, तसे केल्याने आपल्या म्हाताऱ्या स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील. हा प्रसंग स्मृतिस्थळात आला आहे आणि आज तो भाषाभिमानाचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितला जातो. तसे सांगण्यात त्याचा अर्थ उणावतो. आचार्यांनी मराठीची थोरवी गायिली नाही, संस्कृतची निंदा केली नाही. त्यांच्या दृष्टीसमोर भाषा नव्हतीच. एक ऐकणारी व्यक्ती होती. ज्या पंडिताचा अवघा लौकिक संस्कृतावर उभा, त्याने आपली विद्या कोणत्या कार्यास लावावी हे त्या म्हातारीच्या गरजेवरून ठरले. सूत्रपाठ आणि एकशे चौदा दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठ हे केशिराजबासांचे कार्य मराठीतच राहिले. पंडिताचे पांडित्य नष्ट झाले नाही, त्याचा मोहरा वळला.

म्हाइंभटांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते सराळ्याचे, विद्वान आणि विद्येचा ताठा असलेले. स्वामींकडे प्रथम आले तेच वाद करण्याच्या ईर्षेने. पुढे त्यांनीच स्वामींच्या लीळा संकलित करण्याचे कार्य हाती घेतले. शके 1200 च्या सुमारास, म्हणजे इसवी सन 1278 च्या आसपास, लीळाचरित्र सिद्ध झाले असे अभ्यासक मानतात. ज्याने जे पाहिले वा ऐकिले ते त्याच्याच मुखाने ऐकावयाचे, आचार्यांपुढे ठेवावयाचे, मग लिहावयाचे, हा त्यांचा क्रम. या ग्रंथात म्हाइंभटांचा स्वतःचा गर्वहरणाचा प्रसंगही आहे. तो लिहिताना त्यांनी स्वतःला सोडविले नाही. आरशाचा अर्थ येथे कळतो.

या एका आग्रहातून संस्कृतीस काय लाभले हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. स्वामी कोठे बसले, कोणी काय विचारिले, कोणी कोणते अन्न आणिले, या साध्या गोष्टी जशाच्या तशा सांगावयाच्या तर छंदाचा उपयोग नव्हता. गद्यच हवे होते, तेही बोलण्यातले. मराठी गद्याचा पाया घालावा असा संकल्प कोणी केला नव्हता. सत्याशी प्रामाणिक राहण्याच्या गरजेतून ते गद्य निपजले. स्मरणात भेद आढळला तर तोही टाकावयाचा नाही, 'वासना' म्हणून नोंदवावयाचा, ही पोथ्यांतील रीत त्याच वृत्तीची. दोन सज्जनांच्या आठवणी भिन्न असू शकतात हे मान्य करून दोन्ही जपणे, ही बौद्धिक सचोटी आजच्या संशोधकासही सहज साधत नाही.

पुढे काळ पालटला. 1296 साली अल्लाउद्दीन खलजीची स्वारी देवगिरीवर आली आणि नंतरच्या दोन तपांच्या आत यादवांचे राज्य लयास गेले. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत हरपली. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या आठवणीवरून तो पुन्हा उभा करावा लागला. हिराइसांच्या पाठाचे नाव त्या संदर्भात कृतज्ञतेने घेतले जाते. म्हाताऱ्यांसाठी मराठीत ठेवलेले वचन एका स्त्रीच्या स्मरणाने राखले, हे विसरण्याजोगे नाही.

ज्यांनी असा नाश पाहिला त्यांच्या मनात रक्षणाची चिंता बळावणे स्वाभाविक होते. चौदाव्या शतकात सकळ लिपी आली. परंपरा तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे देते. सुंदरी इत्यादी अन्य लिप्याही झाल्या. ग्रंथ अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, त्याची विटंबना होऊ नये, हा हेतू. येथे विचार करणाऱ्याची कसोटी लागते. म्हातारीस कळावे म्हणून ज्या वचनाचे संस्कृत होऊ दिले नाही, तेच वचन पुढे शेजारच्या घरच्या म्हातारीस वाचता येऊ नये अशा अक्षरांत गेले. आदर्शाचा त्याग झाला काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. लिपी पालटली, भाषा मराठीच राहिली. पंथातील तपस्विनींना ती लिपी शिकविली जात होती, त्यांचे काही हिरावले गेले नाही. पालटला तो 'आपल्या' या शब्दाचा परिघ. आचार्यांच्या उद्गारात ज्या म्हाताऱ्या 'आपल्या' होत्या त्यांत उद्या येणारी, अद्याप न आलेली कोणी होती की नव्हती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. संकटकाळी तो विचारण्यास अवकाशही नसतो. संकट सरल्यावर मात्र कुंपण आपोआप निघत नाही.

त्याची किंमत पंथाने दिली. ग्रंथ वाचता येत नाहीत म्हणून ज्यांनी ते कधी पाहिले नव्हते त्यांनी पंथाविषयी वाटेल ते अपप्रवाद पसरविले, आणि त्यांचे निरसन करणारे पुरावे पेटीत बंद होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत काही महंतांनी पोथ्या दाखविण्याचे औदार्य दाखविले, राजवाड्यांसारख्या संशोधकांनी सकळ लिपीची उकल केली, भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांनी हे वाङ्मय लोकांपुढे ठेविले, तेव्हा कोठे महाराष्ट्रास आपल्या भाषेचे पहिले गद्य उमगले. उलट बाजूस पंजाबात, जेथे पंथास जयकृष्णी म्हणतात, तेथील साधकांनी मातृभाषा नसलेली मराठी धर्मभाषा म्हणून शिकून घेतली. कुंपण असतानाही आदर्श किती दूर जाऊ शकतो याचे हे उदाहरण आहे. तथापि त्या लोकांना ती मराठी कोणीतरी समोर बसवून शिकविली होती, हेही ध्यानात घ्यावे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. या गौरवात पंथाच्या प्राचीन ग्रंथांचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा आनंद होणे योग्यच. परंतु प्रत्येक मठातील पोथ्यांपुढे तोच जुना प्रश्न आहे. छापलेले वचन गुरुमुखावाचून वाचले जाईल, त्याचा विपरीत अर्थ होईल, ही जुन्या महंतांची भीती निराधार नाही. तसे घडलेही आहे. दुसरीकडे कसर लागलेल्या पोथीचा कोणताही अर्थ होत नाही. पोथी उघडावी की झाकून ठेवावी याचा निर्णय ज्याच्या हाती आहे, त्याने केशिराजबासांना मिळालेले उत्तर डोळ्यांपुढे ठेवावे, आणि ती म्हातारी आज कोणाच्या घरी आहे याचा आधी शोध घ्यावा.