अडकवून ठेवलेलें उत्तर

नोकरी न देणें हें पाप नव्हे. एका जागेसाठीं शंभर जण आले तर नव्याण्णवांस परत जावेंच लागेल. परंतु ज्यास आपण बोलाविलें, ज्याचे दिवस आपण घेतले, त्यास कांहींच उत्तर न देणें हें पाप आहे कीं नाहीं, ह्याचा विचार आम्ही आज करणार आहों.

असे प्रसंग आपल्या खेड्यांतील घरोघरीं घडत आहेत. मुलगा पदवी घेऊन शहरांतील एखाद्या कंपनीकडे अर्ज करितो. त्यास भेटीस बोलावितात; आज एक अधिकारी प्रश्न विचारतो, पुढच्या आठवड्यांत दुसरा, मग तिसरा. घरीं करून आणावयास चार दिवसांचें काम देतात. आठ दिवसांत कळवूं, असें सांगतात. आठाचे चाळीस दिवस होतात. फोन कोणी घेत नाहीं, पत्राचें उत्तर येत नाहीं. इकडे आई रोज विचारते, आणि आज ना उद्यां बोलावणें येईल म्हणून मुलगा हातचें काम सोडून देतो.

सरकारी खात्यांतही हेंच दिसतें. रेल्वेनें २०१९ च्या आरंभीं सुमारें ३५,००० जागांची जाहिरात दिली. सव्वा कोटीच्या आसपास अर्ज आले. पहिली परीक्षा २०२० च्या डिसेंबरांत सुरू झाली, व तिचा निकाल २०२२ च्या जानेवारींत लागला. मध्यें महामारी होती हें खरें. तरी तरुणपणाचीं तीन वर्षें ही लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, करारच झाला नाहीं, मग ऋण कसलें? ह्यास मोशेच्या नियमशास्त्रांत उत्तर आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशीं ठेवूं नये अशी तेथें आज्ञा आहे. आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत तिचें कारणही दिलें आहे: तो गरीब असतो व त्याची सारी आशा तिच्यावर असते. नोकरीवर अर्जदाराचा मजुरीसारखा हक्क नाहीं, हा भेद आम्ही मान्य करितों. परंतु आज्ञेचें कारण दोहोंस लागू पडतें. गरिबाची आशा ज्याच्या हातीं आहे, त्यानें ती रात्रभर अडकवून ठेवूं नये. "नाहीं" हा शब्द कडू खरा, पण तो मनुष्यास मोकळा करितो. मौन मात्र त्यास वेतनावांचून बांधून ठेवितें.

अर्ज हजारों येतात, कितीकांस लिहावें, अशी सबब सांगतात. परंतु ज्या यंत्रानें हजारोंस बोलावितां येतें, त्याच यंत्रानें हजारोंस नकारही कळवितां येतो. द्राक्षमळ्याच्या दाखल्यांतील धनी दिवस मावळतीस आला असतांही बाजारांत गेला, आणि तेथें रिकामे उभे असलेल्यांस त्यानें कारण विचारलें. न पाहिल्यासारखें करून तो पुढें गेला नाहीं.

परंतु, प्रियजनहो, केवळ कंपन्यांस दोष देऊन आपण सुटत नाहीं. मंडळींत उपदेशकाची जागा रिकामी असते. पंच तिघांस बोलावितात, एकास नेमितात, आणि बाकीच्या दोघांस ती बातमी परक्याच्या तोंडून कळते. आपण मुलगी पाहावयास जातों, पोहे खातों, आणि नकार सांगण्याचा संकोच म्हणून महिनोन् महिने गप्प बसतों. ह्यास आपण सौजन्य म्हणतों. वस्तुतः तो आपल्या सोयीचा भित्रेपणा होय. आपलें होय तें होय व नाहीं तें नाहीं असावें, ही प्रभूची शिकवण अशा वेळींच पाळावयाची आहे.

जे तरुण वाट पाहत आहेत त्यांस आमचें सांगणें एवढेंच: दिलेली मुदत टळली कीं एकदां विचारावें, आणि मग दुसऱ्या कामास हात घालावा. दुसऱ्याचें मौन हें तुमच्या योग्यतेचें माप नव्हे. आणि ज्यांच्यापाशीं कोणाचें उत्तर अडकून पडलें आहे, त्यांनीं तें आज सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावें.