वाटून गेलेले पाप

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात सापडलेल्या एका प्राचीन हत्तीच्या कवटीचे वर्णन पिलग्रिम या भूगर्भशास्त्रज्ञाने १९०५ साली प्रसिद्ध केले. नर्मदेवरून या जातीस ‘नामाडिकस’ म्हणतात. आजच्या हत्तीहून ती पुष्कळच थोराड होती. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात या जातीची कवटी आहे. तिच्यासमोर उभे राहिलो की, आपल्याकडचाच कोणी बदलीवर येऊन इथला झाला, असा विनोद आम्हांस सुचतो. पण तो फार वेळ टिकत नाही.

ही जात नाहीशी का झाली? हवामान पालटले, हे एक उत्तर. दुसरे उत्तर माणूस. भारतातील मोठ्या प्राण्यांचा लोप सुमारे ३० हजार वर्षांपूर्वी, म्हणजे माणूस येथे पोचल्यानंतर सुरू झाला, असे काही संशोधक म्हणतात. हे खरे धरले, तर ते पाप कोणाचे?

आजची हत्तीण सुमारे २२ महिने गर्भ वाहते आणि दोन पिलांत बहुधा चार-पाच वर्षांचे अंतर असते. अशा प्राण्याचा निर्वंश होण्यास कत्तल लागत नाही. जन्मांहून मृत्यू किंचित अधिक झाले की पुरे. एका शिकाऱ्याच्या हयातीत कळपातील उणीव दिसतही नसेल. तो पोटासाठी मारीत होता, आणि आजाच्या काळी रानात किती हत्ती होते हे सांगणारी नोंद त्याच्यापाशी नव्हती. त्यास दोषी म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. पाप घडले, पण कर्ता सापडत नाही.

कचेरीत आयुष्य काढणाऱ्यांस हा प्रकार अपरिचित नाही. दहा मेजांवरून फिरलेल्या फायलीचा निर्णय कोणी घेतला, हे शेवटी कोणासच सांगता येत नाही. प्रत्येकाने केवळ आपली सही केलेली असते.

मात्र अज्ञानाची सबब आम्हांस उरलेली नाही. नोंदी ठेवणे हीच तर आमची चाकरी. २०१० च्या सप्टेंबरात उत्तर बंगालमधील बानारहाटजवळ मालगाडीखाली ७ हत्ती मेले. पुढच्याच महिन्यात हत्ती ‘राष्ट्रीय वारसा प्राणी’ घोषित झाला. चालकाने गाडी हाकली, कोणी वेळापत्रक आखले, आणि रानातून रूळ टाकणारे तर केव्हाच कालवश झाले. हिस्सा लहान आला म्हणून तो नाकारता येत नाही, असे आमचे मत आहे. परंतु आमचा नेमका किती, हे मोजण्याचे माप आम्हांस अद्याप सापडलेले नाही.