रोखणाऱ्याचे हात

आमच्या धर्मग्रामाच्या सणानिमित्त प्रताप नगरातील मैदानावर दरवर्षी कबड्डीचे सामने होतात. मागील खेपेस अंतिम सामना अगदी अटीतटीचा झाला. शेवटची दोन मिनिटे उरली होती. पाहुण्या संघाचा चढाईपटू आत आला, रेषेकडे वळला, आणि आमच्या संघाच्या डाव्या कोपऱ्यातील मुलाने त्याचा घोटा धरला. क्षणार्धात बाकीचे दोघेतिघे त्याच्यावर कोसळले. मैदान टाळ्यांनी दणाणून गेले. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेलो आम्हीही उभे राहिलो आणि आपले वय व झगा विसरून ओरडलो, ‘‘दाबा त्याला!’’ शिट्टी झाली, मुले बाजूला झाली. खाली असलेला मुलगा मात्र उठला नाही. त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले होते.

आमचा संघ जिंकला, चषक आमच्याच हस्ते दिला गेला. आठ दिवसांनी मिस्सा संपल्यावर त्या कोपऱ्यातील मुलाची आई आमच्याकडे आली. मुलाची एका क्रीडा प्रबोधिनीसाठी निवड झाली होती आणि संमतिपत्रावर पालकांची सही हवी होती. ‘‘फादर, हा रात्री झोपून नाही राहिला,’’ ती म्हणाली. ‘‘त्या पोराचं ओरडणं कानात येते म्हणते. वडील म्हणतात, सही कर, पुढे रेल्वेत नाहीतर पोलिसात लागेल. मी काय करू? दुसऱ्याच्या लेकराला खाली पाडणे, हेच माझ्या लेकराचे पोट भरायचे साधन व्हावे, हे बरोबर आहे का?’’

आम्ही तिला आठ दिवसांची मुदत मागितली. खरे सांगायचे तर उत्तर आमच्याजवळ नव्हते, आणि त्या दिवशीची आमची आरोळी आम्हाला आठवत होती. त्या आठ दिवसांत व त्यानंतर आम्ही जो विचार केला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घेऊ या की खेळात दोन प्रकारची माणसे असतात. एक मिळविणारा, दुसरा रोखणारा. कबड्डीत चढाईपटू एकटा जातो, एकाच चढाईत दोन-तीन गडी बाद करून परततो आणि सर्वांच्या डोळ्यांत भरतो. पकड करणाऱ्याला बहुधा एकच गुण मिळतो; तीन किंवा त्यांहून कमी गडी मैदानात उरले असताना पकड साधली, तरच ती ‘अव्वल पकड’ ठरून आणखी एक गुण पदरात पडतो. कोपरारक्षकाचा बहुतेक वेळ तर वाट पाहण्यातच जातो. घाई केली तर तोच बाद होतो, उशीर केला तर चढाईपटू रेषा गाठतो. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि दूरदर्शन संचाच्या पडद्यावर घराघरांत हा खेळ पोहोचला. आपल्या महाराष्ट्राचा गिरीश इरनाक याच्यासारखा डावा कोपरारक्षक त्यामुळे लोकांना ठाऊक झाला. तरी गल्लीतील दहा मुलांना विचारा, त्यांतील बहुतेकांना चढाईपटूच व्हायचे असते.

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे अधिक तीव्र रूपात उभा राहिलेला दिसतो. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा खेळ. चेंडू हातात घेऊन धावायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो. तेथे बचावाच्या फळीतील अकरा जणांचे काम एकच, चेंडू घेऊन येणाऱ्याला अंगबळाने जमिनीवर आणणे. कबड्डीची पकड आणि हे काम यांत नाते आहे, पण एक मोठा फरकही आहे. कबड्डीत बहुधा धरतात. तेथे पूर्ण वेगाने येऊन आदळतात.

या बचावफळीतील अ‍ॅलन पेज या खेळाडूची कारकीर्द आम्हाला फार बोधप्रद वाटली. 1945 साली ओहायो राज्यातील कॅन्टन या गावी जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा तेथील कॅथलिक शाळेत व पुढे नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात शिकला. 1967 साली तो मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघात दाखल झाला. 1971 साली लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. बचाव करणाऱ्या खेळाडूला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पंधरा वर्षांत त्याने एकही सामना चुकविला नाही. आणि तरीही त्याचा संघ चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्यात पोहोचला आणि चारही वेळा हरला. आणखी एक गोष्ट पाहा. चेंडू फेकण्यापूर्वीच प्रतिपक्षाच्या सूत्रधाराला पाडणे, हा पेज यांचा हातखंडा. परंतु या कामगिरीची खेळाडूनिहाय अधिकृत नोंद ठेवण्यास लीगने 1982 साली सुरुवात केली, आणि पेज निवृत्त झाले ते 1981 साली. ज्या कामात त्यांचे आयुष्य गेले, त्याची गणतीच अधिकृत वहीत नाही.

जे घडले त्याची नोंद होते. जे घडू दिले नाही, त्याची कोण ठेवणार? आपल्या नागपूरच्या रेल्वेमार्गावर रात्रभर जागून सांधे बदलणाऱ्या माणसाचे नाव वृत्तपत्रात येत नाही, कारण त्या रात्री अपघात होत नाही. लस टोचणारी परिचारिका, मुलाला वाईट संगतीपासून अडवणारी आई, भांडणाऱ्या दोन भावांमध्ये उभा राहणारा शेजारी, ही सारी रोखणारी माणसे आहेत. शुभवर्तमानात संत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही; रात्रीच्या अंधारात उठून बालकाला व त्याच्या आईला घेऊन तो इजिप्तकडे निघाला आणि एक अनर्थ टळला. तेव्हा रोखणे हे मिळविण्याहून हलके काम आहे, हा समज आपण टाकून दिला पाहिजे. त्या आईच्या प्रश्नाचा अर्धा भाग येथे सुटतो. कोपऱ्यात उभे राहणे हे लाजिरवाणे जीवितकार्य नाही.

पण उरलेला अर्धा भाग अधिक कठीण आहे. रोखताना दुसऱ्याला दुखापत झाली, तर तिचा दोष कोणाच्या माथी?

संत थॉमस अक्वायनस यांनी आत्मसंरक्षणाचा विचार करताना एक सूक्ष्म भेद दाखविला आहे. एकाच कृतीतून दोन परिणाम निघू शकतात. एक अभिप्रेत असलेला, दुसरा अभिप्रेत नसलेला. कृतीची नैतिक जात अभिप्रेत परिणामावरून ठरते. मात्र हेतू चांगला असूनही गरजेपेक्षा अधिक बळ वापरले, तर ती कृती अनुचित ठरते. ही कसोटी मैदानाला लावून पाहा. चढाईपटूला थांबविणे हा हेतू. त्यात त्याचे हाड मोडणे हा अनपेक्षित परिणाम. परंतु ‘हा पुन्हा उठता कामा नये’ असा हेतू मनात असेल, तर बाहेरून तीच दिसणारी पकड आतून पापाची होते.

हे केवळ पुस्तकी बोलणे नव्हे. 12 ऑगस्ट 1978 रोजी ऑकलंड येथे एका सरावाच्या सामन्यात, म्हणजे ज्याच्या निकालाला काहीच मोल नव्हते अशा सामन्यात, ऑकलंड रेडर्सचा बचावपटू जॅक टेटम हा डॅरिल स्टिंगली या खेळाडूवर आदळला. स्टिंगलीची मान मोडली आणि 2007 साली मृत्यू येईपर्यंत तो चाकांच्या खुर्चीला खिळून राहिला. त्या धडकेबद्दल पंचांनी दंड दिला नव्हता. तत्कालीन नियमांत ती बसत होती. दोन वर्षांनी टेटमचे आत्मचरित्र निघाले, आणि त्याच्या नावात त्याने स्वतःला लोक ‘मारेकरी’ म्हणतात हे मिरविले होते. दोघांचा समेट शेवटपर्यंत झाला नाही. टेटमच्या अंतःकरणात काय होते, हे एक परमेश्वर जाणे. पण एक धडा मात्र उघड आहे. नियमात बसणे म्हणजे नीतीत बसणे नव्हे. आणि दुखापत हेतूविना झाली असली, तरी तिच्यानंतर आपण काय करतो, हे पूर्णपणे आपल्या हेतूतच असते.

आपल्या कबड्डीच्या नियमांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांच्या रचनेतच विवेक आढळतो. चढाईपटूचे हातपाय किंवा धड एवढेच धरता येते. त्याचे तोंड दाबून त्याचा ‘दम’ तोडणे निषिद्ध. पायांची कैची घालणे निषिद्ध. त्याला मुद्दाम मैदानाबाहेर ढकलणे निषिद्ध. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, तेव्हा आपल्या मातीतील मल्लविद्येची शिस्तही त्यासोबत गेली असेल असे आम्ही समजतो. समोरचा शत्रू नाही, घटकाभराचा प्रतिस्पर्धी आहे, हे ती शिस्त सांगते. तरीही गुडघे निकामी होतात, खांदे निखळतात, हाडे मोडतात. नियम धोका कमी करतो; तो नाहीसा करीत नाही.

आणि येथे तिसरा पक्ष पुढे येतो, ज्याचा विचार आपण टाळतो. तो म्हणजे टाळ्या वाजविणारा. डेव्ह ड्युअरसन हाही नोत्र दाम विद्यापीठाचाच विद्यार्थी आणि शिकागो बेअर्सचा नामांकित बचावपटू. दोन वेळा सुपर बोल जिंकणाऱ्या संघात तो होता. निवृत्तीनंतर माजी खेळाडूंच्या अपंगत्वाच्या दाव्यांचा निर्णय करणाऱ्या मंडळावर त्याने काम केले. पुढे त्याचीच स्मृती व मन ढासळू लागले. फेब्रुवारी 2011 मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्याने छातीत गोळी झाडून घेतली. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे लिहून ठेवले होते. तपासणीत डोक्यावरील वारंवारच्या आघातांनी जडणारा मेंदूचा विकार आढळला. त्या आत्म्याला आम्ही परमेश्वराच्या दयेवर सोपवितो. पण प्रश्न उरतोच. त्या प्रत्येक धडकेला हजारोंनी टाळ्या दिल्या होत्या; त्यांपैकी एकाचेही नाव कोणत्या दोषपत्रात येईल काय? शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. ते केवळ आपल्या शरीराबद्दल सांगितलेले नाही. समोरच्या संघातील मुलाचे शरीरही मंदिरच आहे, आणि प्रेक्षकाच्या खुर्चीवरूनही त्याची विटंबना करता येते. ‘‘दाबा त्याला’’ हे शब्द आमच्या तोंडचे होते. मुलगा रात्री जागला. आम्ही त्या रात्री स्वस्थ झोपलो होतो. त्या घटनेत ज्याची सदसद्विवेकबुद्धी जागी होती, तो सतरा वर्षांचा होता, धर्मगुरू नव्हे.

आता पेज यांच्याकडे पुन्हा वळू. खेळत असतानाच त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि 1978 साली मिनेसोटा विद्यापीठाची पदवी मिळविली. 1992 साली ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले; त्या न्यायासनावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. 2015 पर्यंत त्यांनी न्यायदान केले. त्यांच्याच जन्मगावी, कॅन्टनला, खेळाडूंचे गौरवभवन आहे. त्याचे बांधकाम चालू असताना तरुण पेज यांनी तेथे मजुरी केली होती. 1988 साली त्याच भवनात त्यांचा गौरव झाला. त्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या पत्नीने गरजू विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. दुखापतींनी त्यांची करंगळी कायमची काटकोनात वाकली. त्याच हाताने त्यांनी पुढे निवाडे लिहिले. मैदानावर माणसे रोखणारा हात न्यायासनावर अन्याय रोखू लागला. माणूस त्याच्या खेळाहून मोठा आहे, हे ज्याला वेळीच उमगले, त्याला खेळ गिळू शकला नाही.

आठ दिवसांनी ती आई आली, तेव्हा आम्ही तिला सही कर किंवा करू नको असे सांगितले नाही. तो अधिकार आमचा नव्हे. आम्ही म्हटले, ‘‘ताई, तीन गोष्टी पाहा. पकड करताना थांबवायचे त्याच्या मनात असते की मोडायचे, हे त्यालाच विचारा. प्रबोधिनीत डॉक्टर आहे का, दुखापत झाल्यावर मुलाला विश्रांती देतात की पट्टी बांधून पुन्हा उतरवतात, हे स्वतः जाऊन पाहा. आणि शाळा सुटणार नाही, अशी त्याच्याकडून खात्री घ्या. या तिन्हींची उत्तरे बरी आली, तर त्याची झोप उडाली म्हणून भिऊ नका. ज्याला दुसऱ्याच्या वेदनेने झोप येत नाही, त्याच्या हाती पकड सोपवायला हरकत नाही. भिण्याजोगा तो, जो निवांत झोपतो.’’

ती काही बोलली नाही. दुसऱ्या रविवारी मात्र आम्ही, तो मुलगा आणि त्याची आई असे तिघे बसने जखमी मुलाच्या घरी गेलो. त्याचा हात झोळीत होता. प्रथम दोघेही अवघडले. मग त्या मुलानेच विचारले, ‘‘घोटा कसा काय सापडला तुला? मी तर वळलो होतो.’’ कोपऱ्यातील मुलगा फरशीवर बसून त्याला पावलांची चाल समजावू लागला. आम्ही त्याच्या आईची क्षमा मागितली, आमच्या आरोळीबद्दल. तिने चहा ठेवला.

सही झाली. यंदाच्या सणाला आम्ही पुन्हा पहिल्या रांगेत असू. टाळ्याही वाजवू, कारण चांगली पकड ही पाहण्याजोगी गोष्ट आहे. फक्त शिट्टी झाल्यावर, खाली पडलेला मुलगा उठून आपल्या अंगणात परत जाईपर्यंत हात आवरून धरू, आणि मग वाजवू.