तेलाआधी फडकं
सायकलची चेन कुरकुरली की आपण वरून तेल ओततो. आवाज थांबतो, झीज थांबत नाही. उलट बाहेरच्या तेलाला रस्त्यावरची बारीक वाळू चिकटते आणि आतल्या पिना घासत राहते. पुरावा साध्या पट्टीने मिळतो. नव्या चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. हे माप इंचाच्या सोळाव्या भागाने वाढलं, की ती चेन संपली. तशीच चालवली तर चाकांचे दातेही खाते, आणि तो खर्च मोठा. तेलाआधी चेन पुसायला वेळ कुणाला, असं कुणी विचारेल. पण चेन जुन्या फडक्यात धरून पायडल उलटं फिरवायला अशी किती मिनिटं लागतात? मग प्रत्येक दुव्यावर एकच थेंब, आणि वर उरलेलं तेल पुन्हा पुसायचं. पावसाळ्यात हे अधिक वेळा. खोबरेल मात्र डोक्यालाच ठेवावं.